तिसरं बटण

"तुम्ही टेलर ना?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

मी खुर्चीत ताठ झालो. फॉर्मवर वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात मीच झोकात लिहिलं होतं, 'पतंगे टेलर्स, कराड. शालेय गणवेशाचे तज्ज्ञ.' म्हटलं, बघा, हे आता आपल्याला शाळेच्या गणवेशाचं कामच देतात की काय.

"हो सर. वडिलांपासून धंदा आहे."

"मग मुलीच्या शर्टाचं बटण कुठं आहे?"

मी वळून बघितलं. शेजारच्या खुर्चीत माझी वैजू पाय जुळवून, मांडीवर कंपासपेटी धरून बसली होती. पांढरा शर्ट आणि निळा स्कर्ट, दोन्ही मीच आठवड्यापूर्वी शिवलेले. कॉलर अशी की पट्टी लावून मोजून घ्यावी. आणि वरून तिसरं बटण गायब. तिथं शर्ट उघडा पडून आतली शमीज दिसत होती.

"सकाळी होतं, सर," मी म्हणालो.

"इथं शिस्तीला फार महत्त्व आहे, पतंगे. मुलाखतीला येताना एवढंही बघितलं जात नसेल तर..." त्यांनी वाक्य अर्धंच सोडलं आणि पेनाला टोपण लावलं. "बाहेर बसा. कळवू."

एखाद्या हलवायाला तुझ्या जिलबीत मीठ आहे म्हणावं, तसं झालं मला. कानाच्या पाळ्या तापल्या. वैजू मात्र उठली, सरांना वाकून नमस्कार केला आणि माझ्याआधी दाराबाहेर गेली. पोर लाजली असेल म्हणून मी तिला काही बोललो नाही. पण एसटीत बसल्यावर राहवेना.

"कुठं पाडलंस गं?"

"काय की," ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आप्पा, चष्मा कपाळावर हाय. डोळ्यावर घ्या."

हे दुसऱ्यांदा घडत होतं. चार दिवसांपूर्वी आम्ही पहिली शाळा बघून आलो होतो. ती फार टापटिपीची शाळा. पोरांच्या पँटच्या इस्त्रीनं बोट कापेल. तिथं आम्हाला तासभर फिरवलं, चार शिक्षक वैजूशी बोलले, एकीनं गाल धरला, सरबत दिलं. कुणी काही म्हणालं नाही. घरी आलो आणि दार उघडता उघडता माझी थोरली बहीण इंदुआक्का ओरडली, "अरे दिगू, पोरीचं बटण कुठाय? शिंप्याची पोर आणि मधलं बटण न्हाई? ह्याला म्हणत्यात दिव्याखाली अंधार!"

तेव्हा मी दुहेरी दोरा घेऊन नवं बटण लावलं होतं. चार टाके, बटणाखाली दोऱ्याचे सहा वेढे घालून देठ, शेवटी गाठ. वडिलांनी शिकवलं होतं तसं. ते बटण शर्ट फाटला तरी निघायला नको. आणि ते चार दिवसांत पडलं! रात्रंदिवस जो माणूस शिलाईच्या नावावर जगतो, त्याला यापेक्षा मोठी काळजी काय असणार? मला तर वाटायला लागलं, बोटं गेली आपली.

या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षं झाली. कुठल्या शाळेत काय शिकवतात हे मी तेव्हाच विसरलो. बटणं तेवढी लक्षात आहेत.

शाळा शोधायची कल्पना माझी नव्हे. ती आक्काची.

सुमन, माझी बायको, आदल्या मे महिन्यात काविळीनं गेली. आठ दिवसांचं दुखणं. आमच्या दुकानात लग्नापासून कामाची वाटणी ठरलेली होती. कापणं आणि मशीन माझं, काज-बटण तिचं. शेवटची शिवण मारली की मी शर्ट न बघताच तिच्या मांडीवर टाकायचो आणि पुढचा घ्यायचो. चौदा वर्षांत मी एकाही बटणाकडं मान वळवून पाहिलं नसेल. ती गेली आणि लगेच जून आला. जून म्हणजे आमची सुगी. चार शाळांचे गणवेश अंगावर. काज-बटणाचे गठ्ठे मी गल्लीतल्या एका बाईंकडं द्यायला लागलो. मी मशीनवर मान खाली घातली ती वर काढलीच नाही. मान वर केली की सुमनची रिकामी चटई दिसायची.

असा महिना गेला. एक दिवस वैजू शाळेतून आली, दप्तर ठेवलं, आईच्या चटईवर बसली आणि बटणांचा डबा पुढं ओढला. नऊ वर्षांची पोर. पहिले दोन शर्ट बिघडवले, तिसऱ्यापासून हात असा बसला की बघत राहावं. मी गिऱ्हाइकांना कौतुकानं सांगायचो, "पोरगी आईवर गेली." वर्षभरात ती भाजी निवडायला लागली, दूधवाल्याशी भांडायला लागली. मी बाहेर निघालो की वरून खाली नजर टाकायची. "आप्पा, टेप गळ्यातच हाय." "आप्पा, ओठाला चहा लागलाय." माझ्यातलं काही तिच्या नजरेतून सुटत नसे. मला त्याचा अभिमान होता. खरं सांगायचं तर सोय होती.

आक्का पाडव्याला कोल्हापूरहून आली आणि दोनच दिवसांत तिनं मला धारेवर धरलं.

"दिगू, काल मी वैजूला म्हटलं, जा की बाहेर, पोरी लंगडी खेळत्यात. तर मला म्हणती कशी, आत्या, आप्पांचा चारला चहा असतोय. अरे, दहा वर्षांची हाय ती! तुझी आई व्हायला निघालीया."

"मग मी काय करू?"

"पोरींत टाक तिला. राहायची सोय असलेली चांगली शाळा बघ. सरकारी खाक्याची नको, चार पोरींकडं बघणारी बघ."

"मी काय मेलोय? मी हाय की तिला बघायला."

"तू हाईस, म्हणून तर तिला कुठं जाता येईना," आक्का म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

राग आला. शेवटी मी एक शहाणपणा केला. म्हटलं, बघतो, पण शाळा अशी बघीन, जिथं वसतिगृहही आहे आणि घरून जाऊन-येऊन शिकायचीही सोय आहे. आक्काला वाटलं, भाऊ वळणावर आला. माझ्या पोटात वेगळंच होतं. शाळा बदलू, आक्काचं समाधान करू, पण संध्याकाळी पोरगी घरी. ती चटई पुन्हा रिकामी बघायची माझी तयारी नव्हती. वैजूला काय हवंय हे मी विचारलं नाही. तिला सांगितलं एवढंच, "तीन शाळा बघायच्या. तुला कुठली आवडती सांग." ती "बरं" म्हणाली आणि कंपासपेटी घासूनपुसून ठेवली.

आता शाळा बघायची माझी एक पद्धत होती. निकाल, मैदान, प्रयोगशाळा हे सगळे बघतात. मी पोरांचे कपडे बघायचो. पँटचं बूड झिजलेलं असेल तर पोरं नुसती बसून आहेत. गुडघा झिजला असेल तर खेळतात. खिसा उसवला असेल तर डोक्यात काहीतरी चाललंय, कारण पोर गोळा करतंय. या हिशेबानं पहिल्या शाळेला मी नापास केलं होतं. तिथं एकाही पोराचा गुडघा मळलेला नव्हता. दुसऱ्या शाळेनं मलाच नापास केलं. राहिली तिसरी.

तिसरी शाळा कराडपासून पंधरा किलोमीटरवर, कोयनेच्या काठाला, उसाच्या पट्ट्यात. शनिवारची सकाळ होती. निघताना नेहमीप्रमाणे मी वैजूला उंबऱ्यात उभं केलं आणि तिची कॉलर सरळ केली. सुमन रोज सकाळी तिला असं उंबऱ्यात उभं करायची. ती गेल्यापासून ते काम मी एक दिवसही चुकवलं नव्हतं. या खेपेला खाली वाकून तिसरं बटणही ओढून बघितलं. तिहेरी दोऱ्यानं लावलं होतं. हललं नाही.

शाळेच्या फाटकाशी उतरल्यावर वैजू म्हणाली, "आप्पा, मी जाऊन येते."

प्रत्येक शाळेत पोचल्या पोचल्या तिचं हे असायचं. प्रवासानं होत असेल. फाटकावरच्या माणसानं मुलींच्या मोरीकडं बोट दाखवलं. ती कंपासपेटी घेऊनच गेली.

मी तेवढ्यात माझ्या पद्धतीनं शाळा बघायला लागलो. गुडघे पाहिले. झकास. एकही पँट धड नव्हती. खिसे तर बोलूच नका, एका पोराच्या खिशातून चिंचोके सांडत होते. मी खूश. आणि मग माझी नजर बटणांवर गेली. दोन बटणांच्या अपमानानंतर ती आपोआप जायला लागली होती. बघतो तर काय! पांढऱ्या शर्टाला काळा दोरा. निळ्या स्कर्टला लाल दोरा. एकाचं बटण मोठं, एकाचं बारीक, एकीचं इतकं वाकडं की शर्ट अंगावर तिरका बसलेला. अख्ख्या मैदानावर एक बटण सरळ नव्हतं. माझं डोकं फिरलं. ज्या शाळेला पोरांची बटणं सांभाळता येत नाहीत, ती पोरं काय सांभाळणार?

वैजू आली, कंपासपेटी छातीशी धरून. परीक्षेसाठी तिला एका वर्गात बसवलं आणि मला मुख्याध्यापिका देशमाने बाईंकडं पाठवलं. पन्नाशीच्या बाई. व्हरांड्यातच टेबल टाकून बसल्या होत्या.

"काय पतंगे, कशी वाटली शाळा?"

मनात एक आणि ओठावर एक असं मला आजवर फक्त आक्काशी जमलं होतं. "बाई, राग मानू नका. पोरं खेळती आहेत, दिसतंय. पण तुमच्या शाळेत एक बटण सरळ नाही."

बाई हसल्या. "अगदी खरं आहे. मुलंच लावतात ना."

"मुलं?"

"वसतिगृहातली. रविवारी न्याहारी झाली की एक तास डागडुजीचा. बटण, उसवलेलं, फाटलेलं. मुलगे, मुली, सगळे. फक्त एक नियम आहे, आपलं आपण लावायचं नाही. दुसऱ्याचं लावायचं."

"हा कसला नियम? आपलं आपण लावलं तर दहा मिनिटांत काम होईल."

"होईल की," बाई म्हणाल्या. "माझ्या आधीच्या बाईंनी घालून दिलाय. मी मोडला नाही. बरं, मुलीला घरून पाठवणार की इथं ठेवणार? कराडहून आमची गाडी येते."

"घरूनच," मी पटकन म्हणालो. "आई नाही तिला. मी आहे. मी बघतो सगळं."

बाईंनी मान हलवली आणि काही लिहून घेतलं.

परीक्षा संपली असावी. व्हरांड्याच्या पलीकडं आंब्याखाली पार होता, तिथं वैजू एकटी उभी राहिलेली मला दिसली. उभी राहायची तिची ती रीत मला माहीत होती, हात मागं बांधून, जणू कुणाची वाट बघत. आणि बघतो तर तिच्या शर्टाचं तिसरं बटण नव्हतं.

मला घाम फुटला. तिहेरी दोरा! मी खुर्चीतून उठणार तेवढ्यात मैदानाकडून एक मुलगी धावत चालली होती. तेरा-चौदा वर्षांची, दोन वेण्या, हातात लगोरीचा चेंडू. वैजूच्या पुढं चार पावलं गेली, थांबली, मागं आली.

"ए, तुझं बटण गेलंय."

"माहितेय," वैजू म्हणाली.

"मग अशीच उभी राहणार? बस इथं. मी आणते डबा."

"ती हेमा कणसे," बाई मला म्हणाल्या. "सातवीतली. बसा तुम्ही, चहा येतोय."

हेमा गेली तशीच पळत आली. खोबरेल तेलाचा जुना डबा उघडला. त्यात पांढरं बटण नव्हतं. कुणाच्या तरी खाकी पँटचं बटण काढलं, सुईत पोपटी हिरवा दोरा ओवला, तोही चौथ्या प्रयत्नात. वैजूला पारावर बसवून तिच्यासमोर गुडघे टेकले आणि लावायला सुरुवात केली. काय ते टाके! एक इकडं, एक तिकडं. मधेच सुई बोटात घुसली, तिनं बोट चोखलं आणि पुन्हा लागली. जिभेचं टोक बाहेर. आणि माझी वैजू, जिनं त्या वर्षात दोनेक हजार बटणं लावली असतील, जिचा टाका बघून जुनी गिऱ्हाइकं सुमनची आठवण काढायची, ती गप्प बसली होती. हनुवटी वर करून, शर्ट ताणून धरून. "मला येतं" असं एकदाही म्हणाली नाही. हेमा काहीतरी विचारत होती आणि ती उत्तर देत होती. एकदा हसलीसुद्धा.

ते हसू मी वर्षभर ऐकलं नव्हतं. बाईंचा चहा माझ्या हातात निवला.

हेमानं दोरा दातानं तोडला, बटणावर एक थाप मारली आणि चेंडू घेऊन पळाली. वैजू माझ्याकडं आली.

"आप्पा, ही शाळा."

"बरं. चांगली हाय. गाडी येती आपल्या चौकात."

"गाडी नको. इथं राहायचं."

हातातला गार चहा मी एका घोटात संपवला. "बघू," म्हणालो आणि निरोप घेतला.

फाटकाबाहेर एसटीचा थांबा होता, सिमेंटचं बाकडं. गाडीला वेळ होता. तिच्या छातीवर ते खाकी बटण हिरव्या दोऱ्यात लोंबत होतं. मला सहन होईना. कॉलरच्या मागच्या बाजूला आम्ही शिंपी एक सुई टोचून ठेवतो, पांढऱ्या दोऱ्यासकट. ती मी काढली.

"इकडं ये. नीट करून देतो."

तिनं बटणावर तळहात ठेवला. "ह्याला हात लावायचा न्हाई."

"अगं, उद्या पडंल ते."

"पडू दे. ती परत लावंल."

"हो, ती लावंल! आणि मी लावलेली तेवढी पडत्यात!" माझा आवाज चढला. "तीन-तीन बटणं! तिहेरी दोरा घातला होता मी. काय झालंय माझ्या हाताला, मला कळंना."

वैजूनं माझ्याकडं बघितलं. मग मांडीवरची कंपासपेटी उघडून माझ्यापुढं धरली. पेन्सिल, खोडरबर, कर्कटक. कोपऱ्यात तीन पांढरी बटणं. आणि दुकानात शिवण उसवायला आम्ही वापरतो तसलं अर्धं ब्लेड, कागदात गुंडाळलेलं.

"तुमच्या हाताला काय झालं न्हाई, आप्पा. मी कापली. मोरीत जाऊन."

मला राग यायला हवा होता. पण मी नुसता बघत राहिलो.

"का गं?"

उसाची ट्रॉली गेली, तिचा धुरळा बसला.

"गेल्या जूनला माझं बटण गेलतं," ती म्हणाली. "शाळेच्या शर्टाचं. हेच, तिसरं. आई असताना आई बघायची, उंबऱ्यात. मी म्हटलं, बघू कुणाला दिसतंय. पिनसुद्धा लावली न्हाई. रस्त्यानं तेवढं दप्तर पुढं धरून जायचे. वर्गात कुणाला दिसलं न्हाई. बाईंना न्हाई. बावीस दिवस."

"बावीस दिवस? अगं, मग मला..."

"तुम्ही रोज माझी कॉलर सरळ करायचा," वैजू म्हणाली.

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तेच सोसवेना. एक वीत. कॉलरपासून तिसऱ्या बटणापर्यंत एक वीत अंतर असतं, मीच कापतो ते. बावीस सकाळी माझी नजर कॉलरवर थांबली आणि एक वीत खाली आली नाही, कारण बटण माझ्या वाट्याचं नव्हतं. ते काम सुमनचं होतं.

"मग?" मी कसंबसं विचारलं.

"मग मी आईचा डबा घेतला आणि लावायला शिकले."

ती चटईवर बसली तो दिवस मला आठवला. तिचं कौतुक मी गावभर सांगत फिरलो होतो. मी ढसाढसा रडलो. भर रस्त्यावर, दुपारच्या उन्हात. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि थोपटायला लागली. आणि त्याच क्षणी मला आक्काचं म्हणणं कळलं. दहा वर्षांची पोर मला थोपटत होती, आणि थोपटायला हवं होतं मी तिला.

मी डोळे पुसले. सुई कॉलरमागं खोचली. "चल."

"कुठं?"

"आत. बाईंना सांगितलं होतं, घरून येणार म्हणून. तो शब्द फिरवायचाय."

ती चालता चालता थांबली. "तुमच्या चहाचं?"

"मला करता येतोय."

"साखर जास्त घालता तुम्ही."

"घालू दे," मी म्हणालो.

जूनमध्ये तिला सोडून आलो. निघायच्या सकाळी उंबऱ्यात तिला उभं केलं, कॉलरला हात लावला नाही. वरून खाली एकेक बटण मोजलं. सहा. तिसरं खाकी, हिरव्या दोऱ्याचं. आक्कानं खूण केली, निदान आज तरी बदल ते. मी मान हलवली.

पहिले पंधरा दिवस घर खायला उठलं. चटई गुंडाळून ठेवली. चार वाजता चहा करायचो, कधी साखर विसरायचो, कधी दोनदा घालायचो. आणि मग भेटीचा पहिला रविवार आला.

बेसनाचे लाडू घेऊन निघालो. एसटीत खिडकीच्या गजावर हात टेकला होता, तिथं कुठंतरी घासून माझ्या उजव्या बाहीचं बटण गेलं. फाटकाशी उतरताना दिसलं. हल्ली मला दिसायला लागलं होतं. सवयीनं हात कॉलरमागच्या सुईकडं गेला, पण तिथंच थांबला. वर्षभरात माझ्या अंगावरचं असं काही नव्हतं, जे वैजूला माझ्याआधी दिसलं नव्हतं. म्हटलं, राहू दे. बघू या.

ती मैदानातून धावत आली. एक वेणी सुटलेली, गुडघा खरचटलेला, त्यावर माती.

"आप्पा! मला खो-खोत घेतलं! मी शेवटची होते, पण मी त्या शिंदेला दोनदा चकवलं, हेमाला विचारा! आणि आमच्या खोलीच्या मागं मांजर व्यालीया, तीन पिल्लं हायत, एकाचं नाव मी ठेवणाराय. लाडू आणले? सगळ्यांना पुरतील एवढे हायत का?"

तिनं माझा उजवा हात धरला आणि हलवत बोलत राहिली. उघडी बाही तिच्या नाकासमोर फडफडत होती. मी ती मुद्दाम जरा वर धरली. ती पिल्लांबद्दल बोलत होती. मग मैदानात कुणीतरी शिट्टी मारली. "आले आले!" ती ओरडली, लाडवांचा डबा काखेत मारला आणि पळाली. वळून बघितलं तेही पळता पळता, हात हलवायला.

तिला दिसलं नव्हतं.

मी तिथंच आंब्याखाली उभा राहिलो. इतकं बरं मला सुमन गेल्यापासून कधी वाटलं नव्हतं. दहा वर्षांच्या पोरीला बापाच्या बाहीचं बटण कशाला दिसायला हवं? तिला मांजरीची पिल्लं दिसावीत. तिला शिंदे कुठल्या बाजूनं पळतीय ते दिसावं.

"काका."

मागं हेमा उभी होती, काखेत खोबरेल तेलाचा डबा. पारावर पोरं-पोरी डागडुजीला बसायला लागली होती.

"काका, तुमचं बटण गेलंय. बसा इथं."

"अगं, माझ्याकडं सुई आहे. मी टेलर आहे."

"आपलं आपण लावायचं नसतं," ती म्हणाली आणि डब्यात बोटं घालून बटण शोधायला लागली.

मी पारावर बसलो. तिनं दोरा काढला, हिरवाच. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा ओवला. माझ्या तोंडावर आलं होतं की पोरी, चार टाके घाल, खाली सहा वेढे दे, देठ कर. पण मी गप्प बसलो आणि हात पुढं केला.